संबंधितांना वाचून दाखवले आहे

आमच्या घरात विरामचिन्हे मोठ्याने म्हणायची पद्धत होती. कामठीच्या आमच्या गल्लीत सकाळपासून पॉवरलूमचा खडखडाट चाले, आणि वीज गेली की तो एकदम थांबून लोकांना चुकल्याचुकल्यासारखे होई. त्या गल्लीच्या तोंडाशी आमचे घर. पुढच्या खोलीत बाबांची छोटी ऑफसेट मशीन, कागदाच्या रिमा, कोपऱ्यात कंप्यूटर. मागच्या खोलीत आईचा स्वयंपाक आणि मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. शाईचा वास आणि फोडणीचा वास त्या पडद्यापाशी एकमेकांत मिसळत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांची प्रगतिपुस्तके ही कामे पोटासाठी. पत्रके मात्र बाबा स्वतः लिहीत आणि स्वतःच छापत. नळाला पाणी नाही, वसतिगृहाच्या भातात किडे निघाले, मागावरच्या कामगाराचा हात गेला आणि मालक ओळख दाखवत नाही. असे काही कानावर आले की बाबा शर्टाच्या खिशातून पेन काढत.

संध्याकाळी प्रुफे तपासायला आम्ही दोघे समोरासमोर बसत असू. बाबा हाताने लिहिलेला कागद वाचत आणि मी छापलेल्या प्रुफावर बोट फिरवत जाई. "नळ योजनेचे पाणी, स्वल्पविराम, जे उन्हाळ्याच्या आत येणार होते, स्वल्पविराम, ते कुठे मुरले, प्रश्नचिन्ह." मला अक्षरे नीट लागण्याच्या आधी विरामचिन्हे पाठ झाली होती. आई पडद्यामागे भाकरी थापत असे, आणि थापण्याचा आवाज थांबला की समजायचे, आता हरकत येणार.

"थांबा जी. अनास्था म्हंजे काय?"

"म्हणजे... पर्वा नाही कोणाले."

"मंग पर्वा नाही असंच लिवा नं. अनास्था कोणाच्या घरची पोरगी आहे?"

बाबा हसत आणि शब्द बदलत. आईला न समजलेला शब्द आमच्या पत्रकात कधी राहिला नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक काम असे. पत्रक ज्याच्याविरुद्ध आहे, त्याला ते छापण्यापूर्वी समोर बसून वाचून दाखवायचे. रेशन दुकानदार असो, ठेकेदार असो, नगरसेवक असो, बाबा हाताने लिहिलेला कागद घेऊन जात आणि म्हणत, "तुमच्याबद्दल लिवलं आहे. ऐकून घ्या. चुकलं असन तं सांगा." एका ठेकेदाराने त्यांच्या अंगावर कुत्रा सोडला. एका रेशनवाल्याने शेवटपर्यंत ऐकले, पाणी पाजले आणि एवढेच म्हणाला, "बाकी ठीक आहे, पण नावापुढं शेठ लावा." बरीच पत्रके छापण्याची वेळच येत नसे, कारण स्वतःबद्दलचे मोठ्याने ऐकल्यावर काही माणसे दुसऱ्या दिवशी काम करून मोकळी होत. ज्यांच्याबाबत छापावे लागे, त्यांच्या पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असे: संबंधितांना वाचून दाखवले आहे. कामठीतले लोक पत्रक हातात घेतल्यावर आधी तळाची ओळ बघत, मग मथळा. तरुणपणी बाबांनी कुणा मास्तरांबद्दल ऐकीव गोष्ट छापली होती, तेव्हापासून ही पद्धत आली असे आई सांगे. त्या मास्तरांचे काय झाले, हे बाबांनी आम्हाला कधी सांगितले नाही, आणि ते सांगत नाहीत म्हणूनच मला ते साधारण कळले होते.

माझे वय अजून आठवणी लिहिण्याचे नाही, असे आई म्हणते. चाळिशीच्या आत कोण आत्मचरित्र लिहिते? पण काही गोष्टी सांगायच्या माणसापाशी पोहोचायला आधीच उशीर झालेला असतो, हे मला आता ठाऊक आहे.

बारावीनंतर मी वकील व्हावे, अशी बाबांची इच्छा होती. मी फ्रेंच शिकणार म्हणाले तेव्हा ते बराच वेळ मशीन पुसत राहिले. खरे सांगायचे तर हे त्यांच्याच पत्रकांमुळे झाले होते. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द त्यांच्या प्रत्येक दुसऱ्या पत्रकात असत, आणि शाळेच्या पुस्तकात लिहिले होते की ते फ्रान्समधून आले. बाबांना हे मान्य नव्हते. हे तीन शब्द आपण फ्रेंचांकडून घेतले नाहीत, बुद्धाकडून घेतले, असे ते भर सभेत ठासून सांगत. मी म्हटले, "मग त्यांच्याकडं काय आहे, हे कोणीतरी जाऊन पाहायला पाहिजे का नाही?" बाबांनी पुसायचे फडके खाली ठेवले. मग म्हणाले, "जा. पण पाहून आली की आम्हाले सांग. आपल्यापाशीच ठेवू नको."

असे मी शेअर ऑटोत दोन बायकांच्या मधोमध बसून नागपूरला, विद्यापीठात फ्रेंच शिकायला जाऊ लागले. विभागातल्या वरच्या लोकांची नावे मी इथे लिहीत नाही. त्या लोकांना मी हे वाचून दाखवलेले नाही. वर्गात आम्ही अकरा जण होतो. बहुतेकांनी फ्रेंच शाळेपासून घेतलेले, धरमपेठ आणि त्या बाजूच्या शाळांतले. त्यांना मेट्रो, चीज आणि सुट्टीत समुद्रावर जाणे यांबद्दल बोलता येई. मला फक्त माझे नाव सांगता येत होते.

शिकवायला देशकर मॅडम होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडी, पायात कायम चामड्याच्या सपाट चपला, आणि हातात इतक्या झेरॉक्स की दार त्या कोपराने उघडत. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि दरवर्षी नव्याने नेमणूक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'दिक्ते' घेतली. त्या फ्रेंच उतारा सावकाश वाचणार आणि आम्ही ऐकून लिहायचे. वाचताना त्या प्रत्येक चिन्ह मोठ्याने म्हणू लागल्या. स्वल्पविरामाला व्हिर्गुल, पूर्णविरामाला प्वँ. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसले. मी मात्र मान वर करून ऐकू लागले. सातासमुद्रापलीकडच्या भाषेत आमचे घर निघाले होते. त्या उताऱ्यात माझ्या एकवीस चुका झाल्या, पण एकही विरामचिन्ह चुकले नव्हते. मॅडमनी वही परत देताना विचारले, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटले, "घरी."

घरी मी रोज मोठ्याने वाचू लागले. मागांच्या आवाजावर चढून वाचावे लागे, त्यामुळे माझे फ्रेंच अजूनही भांडल्यासारखे निघते. पाठ्यपुस्तकातली माणसे प्रत्येक धड्यात पाव आणायला जात. आईला ते ऐकून काळजी वाटू लागली.

"रोज पावच खातेत का वं थे?"

"रोज."

"सारे बिमार राहतेत का? आपल्याकडं ताप आला तरच पाव आणतेत."

तिने माझ्यासोबत मॅडमसाठी डबा भरून सांडगे पाठवले, "त्या बाईले तरी धड खाऊ दे" म्हणून. आणि हळूहळू प्वँ हा शब्द तिने उचलला. बाबांची सभेची गोष्ट लांबत चालली की ती परात उचलता उचलता म्हणे, "करा आता प्वँ."

मॅडमचे शिकवणे पुस्तकातल्या पॅरिसमध्ये फार दिवस रमले नाही. एका दुपारी त्यांनी जगाचा नकाशा फळ्यावर टांगला आणि बोट फ्रान्सवर न ठेवता सेनेगलवर ठेवले. मग अल्जेरिया, मग कॅरिबियन समुद्रातली टिकल्यांएवढी बेटे. "फ्रेंच बोलणारी माणसं इथे जास्त आहेत," त्या म्हणाल्या. "यांच्यावर ही भाषा लादली गेली. त्यांनी ती शिकून घेतली आणि तिच्यातच मालकांना जाब विचारला." त्यांनी वाटलेल्या झेरॉक्स मी ऑटोत, भाजीवाल्या बायकांच्या टोपल्यांना टेकून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत असे. निम्मे समजत नसे, पण राग समजत असे. तो ओळखीचा होता. मी मॅडमना म्हटले, "हे तर आमच्या बाबांच्या पत्रकासारखं आहे." त्या म्हणाल्या, "मग आण की एखादं."

मी वसतिगृहाच्या भाताचे पत्रक नेले. मॅडमनी ते वर्गात शेवटपर्यंत वाचले आणि तळाच्या ओळीवर थांबल्या. मी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती अवघड आहे हे," त्या म्हणाल्या. "पाठीमागे बोलणं सगळ्यांना येतं." मग त्यांनी ती ओळ फळ्यावर मराठीत लिहिली आणि त्या तासाला आम्ही अकरा जणांनी तिचे फ्रेंच करून पाहिले. अकरा जणांचे अकरा प्रकारचे झाले. कामठीतल्या आमच्या मशीनवरची ओळ त्या फळ्यावर दिवसभर राहिली. सफाईवाल्या बाईला मॅडमनी ती पुसू दिली नाही.

हे मी एवढ्यासाठी सांगते आहे की ती ओळ त्यांना माहीत होती. नीट माहीत होती.

विभागातून दरवर्षी एका विद्यार्थ्याला वर्षभरासाठी फ्रान्समधल्या एका विद्यापीठात पाठवत. राहण्या-खाण्यासकट. दुसऱ्या वर्षी मी वर्गात पहिली होते आणि जाणार हे मी मनात धरूनच चालले होते. घरी बाबांनी पासपोर्टचा फॉर्म आणून ठेवला होता. आईने माझ्यासाठी लोकर घेतली आणि शेजारच्या शबानाआपाकडून स्वेटर विणायला शिकू लागली, कामठीच्या उन्हात, घाम पुसत. मला तिकडे जाऊन पाहायचे होते, आणि परत येऊन सांगायचे होते. वीस वर्षांच्या आयुष्यात मी दुसरे काही मागितले नव्हते.

नोटीस लागली तेव्हा तिच्यावर रेवाचे नाव होते. रेवा धरमपेठेतली, मॅडमच्याच गल्लीत राहणारी, वर्गात तिसरी-चौथी. मुलगी वाईट नव्हती. पण आदल्याच आठवड्यात मी तिला आणि मॅडमना टपरीवर एका प्लेटीतून तर्री-पोहे खाताना पाहिले होते. नोटिशीसमोर उभी असताना ती प्लेट माझ्या डोळ्यांपुढे आली आणि सगळे एका क्षणात जुळले. गल्ली त्यांची, आडनावे त्यांची, प्लेट त्यांची. सेनेगल फक्त फळ्यावर. मी मॅडमच्या खोलीकडे गेले नाही. दार उघडे होते, झेरॉक्सचा गठ्ठा बाहेरून दिसत होता. मी जिना उतरून सरळ ऑटोत बसले.

बाबा दोन दिवस नरखेडकडे एका नातेवाइकाच्या लग्नाला गेले होते. मी कंप्यूटर सुरू केला. पत्रकाचा साचा त्यात तयारच असे: वर मथळ्याची जागा, मध्ये दोन रकाने आणि तळाशी ती ओळ. मला एका बैठकीत इतके चांगले लिहिता येते हे मला त्या दिवशीच कळले. नकाशात सगळे देश सारखे दिसतात आणि यादीत एकच गल्ली दिसते, असे काहीसे त्यात होते. मॅडमचे नाव पूर्ण लिहिले होते. लिहून झाल्यावर कर्सर तळाच्या ओळीवर गेला. मी तिथे थांबले होते. हे लक्षात नव्हते, घाईत राहून गेले, असे मी पुढे अनेकांना सांगितले, पण ते खरे नाही. ती ओळ काढली तर पत्रकावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हा विचार मी पूर्ण वाक्यात केला होता. मी ओळ राहू दिली.

प्रुफ वाचायला समोर कुणी नव्हते म्हणून मी एकटीनेच मोठ्याने वाचले. भाकरीचा आवाज थांबला.

"सारं समजलं," आई पडद्याआडून म्हणाली. मग थोड्या वेळाने, "थ्या बाईले वाचून दाखवलं का वं?"

"हो."

"काय म्हने?"

"काही नाही म्हणाली."

आई बाहेर आली. हाताला पीठ होते. "तिनं सांडग्याचा डबा धुऊन, त्यात पेरू घालून वापस पाठवला होता," एवढेच ती बोलली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागाच्या फाटकावर उभी राहिले आणि प्रत्येकाच्या हातात कागद दिला. लोक थांबून वाचत होते. दुसऱ्या विभागातली मुले येऊन माझ्याशी हात मिळवत होती. एक सकाळभर मी बाबा झाले होते. दहाच्या सुमारास मॅडम आल्या. मी हात मागे घेतला नाही. तसे करणे मला भित्रेपणाचे वाटले असते. त्यांनी कागद घेतला, सवयीने फ्रेंचमध्येच आभार मानत "मेर्सी" म्हणाल्या आणि चालता चालता वाचू लागल्या. जिन्याच्या पायरीशी त्या थांबल्या. मला पाठमोऱ्याच दिसत होत्या. मग कागदाची नीट चौघडी करून त्यांनी ती पर्समध्ये ठेवली आणि वर गेल्या. दुपारचा तास झाला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी नोटिशीच्या शेजारी दुसरी नोटीस लागली: विभागात वाद उद्भवल्यामुळे सदर अध्यापिकेचे तास पुढील आदेशापर्यंत अन्य व्यक्तीस देण्यात येत आहेत.

मला वाटले, जिंकलो.

संध्याकाळी बाबा लग्नाहून आले. पत्रक त्यांच्या आधी कामठीला पोहोचले होते. ऑटोत कुणीतरी त्यांच्याच हातात दिले होते. ते चपला न काढता मशीनपाशी बसले. त्यांनी मथळा वाचला नाही. कागद उलट्या बाजूने, तळाकडून धरला होता.

"वाचून दाखवलं होतं?"

मी आईकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

"नाही."

"काहून?"

"तिनं कबूल केलंच नसतं, बाबा. कोण करते? तुमचा ठेकेदार करत होता?"

"कबूल कराले नाही वाचत आपण," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरे झाले असते. "आपलं चुकलं असन तं कळावं म्हून वाचतो. थ्या माणसासाठी नाही वं, आपल्यासाठी वाचतो." मग त्यांनी ग्लासभर पाणी पिऊन टाकले. "उद्या सकाळी जाऊ. तू वाचशीन."

धरमपेठेतले मॅडमचे घर दुसऱ्या मजल्यावर होते, दोन खोल्यांचे. मी मनात जे घर कल्पून ठेवले होते, त्यापेक्षा ते आमच्या घराच्या जास्त जवळचे होते, जिकडेतिकडे कागद. मॅडमनी दार उघडले, बाबांना नमस्कार केला, आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः दिवाणावर बसल्या. बाबा म्हणाले, "मॅडम, पोरीनं तुमच्याबद्दल लिवलं आहे. उशीर झाला. पण ऐकून घ्या. चुकलं असन तं सांगा." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

मी वाचू लागले. आमच्या पद्धतीने, चिन्हांसकट. पहिला परिच्छेद निभावला. दुसऱ्या परिच्छेदात 'गल्ली' शब्द आला आणि आवाज गेला. बाबांनी पुढचे वाचले नाही. मला सोडवले नाही. थांबून राहिले. मी पुन्हा वाचू लागले. फाटकावर जे वाक्य मला तलवारीसारखे वाटत होते, ते त्या खोलीत, त्या बाईच्या तोंडाकडे बघत म्हणताना नुसते हलके वाटत होते. मी तळाच्या ओळीपाशी आले आणि तीही वाचली. मग पूर्णविराम म्हटला.

"मी ती ओळ आधी वाचली," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याकडचा कागद म्हणून खालून वाचायला सुरुवात केली. जिन्यात उभी राहून आठवत होते, आपल्याला कधी वाचून दाखवलं? आपणच विसरलो की काय?"

खाली रस्त्यावर संत्र्यांची गाडी ओरडत गेली.

"यादीत पहिलं नाव तुझं होतं," त्या मग म्हणाल्या, एखादा धडा सांगावा तशा. "मीच लिहिलं होतं. यादी वर गेली आणि खाली येताना दुसरी आली. मलाही बोर्डावरच कळलं. मी विचारायला गेले तर म्हणाले, तुमचं काम शिकवायचं. तासावरच्या माणसाला त्याहून जास्त विचारता येत नाही."

"मग मला काहून नाही सांगितलं?" मी ओरडलेच. अजून मला रागच येत होता. दुसरे काही येत नव्हते.

"तू येशील म्हणून दार उघडं ठेवून बसले होते."

बाबा उठून उभे राहिले. "मॅडम, दुसरं पत्रक काढतो. माफीचं. मोठ्या अक्षरात."

"काढा," त्या म्हणाल्या. "पण माझे तास परत येणार नाहीत, हे धरून चला. त्यांना मला काढायचंच होतं. कारण हवं होतं, ते मिळालं." मग माझ्याकडे वळून, "आणि तू जे लिहिलंस ते होतं, रोज होतं. ते लिहिणं थांबवू नकोस. फक्त ते या खोलीत झालं नव्हतं." त्यांनी चहा केला. आम्ही प्यालो. निघताना त्यांनी माझ्या दिक्तेच्या तपासलेल्या वह्या दिल्या. आता त्या ठेवून काय करणार, म्हणाल्या.

माफीचे पत्रक आम्ही काढले. 'मागील पत्रकातील शेवटची ओळ खोटी होती' हा त्याचा मथळा बाबांनी स्वतः लिहिला. यादी कुणी बदलली, हा प्रश्नही त्यात होता. तो वाचून दाखवायला बाबा विभागप्रमुखांकडे गेले. त्यांना दुपारभर बाकावर बसवून ठेवले आणि मग साहेब निघून गेले म्हणून सांगितले. दुसरे पत्रक मी त्याच फाटकावर वाटले. पहिले लोकांनी उभे राहून वाचले होते, हे चालता चालता खिशात घातले. रेवा फ्रान्सला गेली. जाण्यापूर्वी माझ्याशी बोलायला आली होती. मी बोलले नाही, तेही एक माझ्या नावावर आहे. नवे शिक्षक पुस्तकातून पाव विकत घ्यायला शिकवत होते. नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला गेला. मी ते वर्ष पूर्ण केले आणि पुढे शिकले नाही. आईने स्वेटर पूर्ण केला. तो तिच्या पेटीत आहे.

घरात काही बदलले नाही असे वाटे. बाबा लिहीत होते, पद्धतीप्रमाणे वाचून दाखवायला जात होते, कुत्रे अंगावर घेत होते. पण त्या आठवड्यात कधीतरी मी कंप्यूटर उघडला तेव्हा साच्याच्या तळाची जागा कोरी होती. मी विचारले नाही. पुढच्या पत्रकावर लोकांनी खाली बघितले, ओळ नव्हती. एकदोघांनी बाबांना विचारले. "आता आमच्या छापखान्यातून ती ओळ खरी निघत नाही," बाबा त्यांना म्हणाले. मी पडद्यामागे आईशेजारी बसून ते ऐकले. एवढीच शिक्षा त्यांनी मला केली, आणि ती माझ्यावर न करता स्वतःवर केली.

आता छापखाना मी चालवते. गल्लीतले निम्मे माग बंद पडले, म्हणून हल्ली मोठ्याने वाचताना ओरडावे लागत नाही. पत्रके मीच लिहिते. ज्याच्याबद्दल लिहायचे त्याच्याकडे कागद घेऊन जाते; एकदाही चुकवलेले नाही. ऐकताना माणसाचा चेहरा बदलतो, आणि दर वेळी मला भीती वाटते की हा म्हणेल, पहिलं नाव तुझंच होतं.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी धरमपेठेत गेले. इतक्या वर्षांत गेले नव्हते. का गेले नाही याची कारणे मी इथे देऊ शकेन, पण ती आईला पटत नाहीत, तेव्हा छापणार नाही. दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्यांच्या नावाची पाटी होती. खालच्या काकूंनी पाणी दिले. मॅडम बरीच वर्षे घरी मुलांना शिकवत होत्या, मग बिलासपूरला बहिणीकडे गेल्या, गेल्या थंडीत तिथेच वारल्या. "तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी का?" काकूंनी विचारले. मी हो म्हटले. हातात कागदांची गुंडाळी होती.

बाबांना आता कमी ऐकू येते. काल संध्याकाळी मी त्यांच्या समोर बसून हे सगळे मोठ्याने वाचले, चिन्हांसकट, आणि ते प्रुफावर बोट फिरवत राहिले. आई पडद्याआड होती. तिने एकदाही थांबवले नाही. वाचून झाल्यावर बाबांनी चष्म्यावरून पाहिले.

"बाईले वाचून दाखवलं?"

मी धरमपेठेतले सांगितले. त्यांना नीट ऐकू गेले नाही म्हणून पुन्हा, मोठ्याने सांगावे लागले. शेजारच्या घरातही गेले असेल.

बाबा बराच वेळ प्रुफाच्या तळाच्या कोऱ्या जागेकडे पाहत बसले. मग त्यांनी खिशातून पेन काढले, माझ्या हातात दिले आणि एक ओळ सांगितली. पूर्णविराम सांगायच्या आधी ते थांबले. तो मी म्हटला.

संबंधितांना वाचून दाखवता आलेले नाही.